वाचकांचे प्रश्न : काचेच्या बशीतील चेतापेशी काय सांगतात?

मागील अंकात जनुकातील दोषांमुळे बालकांच्या मेंदूच्या वाढीत निर्माण होणाऱ्या विकारांची ओळख करून देताना ‘अशा विकारांचा अभ्यास आता रुग्णांच्याच पेशींपासून तयार केलेल्या मूलपेशींवर होतो’ असे एक वाक्य मी लिहिले होते. मूलपेशी (स्टेम सेल) म्हणजे जिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशी पेशी. लेखातील बाकीचा मजकूर बाजूला राहिला आणि बहुतेक पत्रे त्या एका वाक्यावरच आली. दोष माझाच आहे. एवढी मोठी गोष्ट एका वाक्यात उरकायला नको होती. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मुलांच्या आजारांचा उल्लेख असल्यामुळे पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला रेट सिंड्रोम असल्याचे जनुक-तपासणीत निश्चित झाले आहे. एका खासगी केंद्राने ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने घेण्याचा सल्ला दिला असून खर्च काही लाखांचा सांगितला आहे. आपण लिहिलेले मूलपेशींचे संशोधन आणि हा उपचार एकच आहे का? असल्यास आम्ही घर गहाण ठेवायलाही तयार आहोत. आणखी एक विचारायचे आहे : संशोधनासाठी मुलीचे रक्त देता येईल का? — एक आई, सांगली

घर गहाण ठेवू नका, हे आधी सांगतो आणि मग कारण सांगतो.

दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरला जात असला, तरी पेशींच्या प्रवासाची दिशा नेमकी उलटी आहे. संशोधनात पेशी रुग्णाकडून प्रयोगशाळेत जाते, तेथे तिच्यापासून चेतापेशी घडवल्या जातात आणि आजार नेमका कोणत्या टप्प्यावर, कशामुळे सुरू होतो ते त्या चेतापेशींमध्ये पाहिले जाते. त्यांतील एकही पेशी रुग्णाच्या शरीरात परत येत नाही. जाहिरातीतील उपचारात मात्र पेशी शरीरात टोचल्या जातात. त्या बहुधा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या असतात, आणि अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून किंवा मणक्यातून टोचल्याने मेंदूतील चेतापेशी बनतात याला विश्वासार्ह पुरावा नाही. शिवाय आपल्या मुलीच्या जनुकातील जो दोष आहे, तो तिच्या अस्थिमज्जेतील पेशींच्या जनुकांतही आहेच. ज्या पेशींमध्ये तोच दोष आहे, त्या टोचून दोष कसा दूर होणार, हा साधा प्रश्न त्या केंद्राला विचारून पाहावा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी केले जाणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा इतर कोणताही वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. स्वमग्नतेसाठी असा उपचार सुचवू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्वतंत्रपणे सांगितले आहे. लाखांचे दरपत्रक हातात देणारी जागा ही चाचणी नव्हे, एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

आता रेट सिंड्रोमविषयी थोडे अधिक, कारण या विकारात बशीतल्या पेशींनी खरोखरच काही सांगितले आहे. मूल सहा ते अठरा महिन्यांपर्यंत बऱ्याच अंशी नेहमीसारखे वाढते आणि मग हातांचे कौशल्य व शिकलेले शब्द हरवू लागतात, हात सतत चोळले जातात. बहुतांश रुग्णांत याचे कारण एक्स गुणसूत्रावरील ‘एमईसीपी२’ या जनुकातील बिघाड असल्याचे १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. हा बिघाड जवळजवळ नेहमीच नव्याने घडलेला असतो. तो आई-वडिलांच्या वागण्यामुळे किंवा गरोदरपणातील एखाद्या चुकीमुळे येत नाही. पत्रात आपण हे विचारलेले नाही, पण आपल्यासारख्या बहुतेक घरांत हा प्रश्न कोणीतरी मनात दाबून ठेवलेला असतो, म्हणून लिहिले.

२०१० मध्ये कॅलिफोर्नियात रेट सिंड्रोमच्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी तयार करण्यात आल्या. त्या आकाराने लहान होत्या आणि एका चेतापेशीचा दुसरीशी जेथे संपर्क होतो ते सिनॅप्स त्यांच्यात कमी होते. आयजीएफ-१ हा वाढीचा घटक दिल्यावर सिनॅप्सची संख्या काही प्रमाणात वाढली. याच घटकाच्या टोकाकडील तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याशी साधर्म्य असलेले ट्रोफिनेटाइड हे औषध मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत रेट सिंड्रोमसाठी मान्य झाले. ते औषध केवळ बशीतल्या त्या प्रयोगातून आले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण उंदरांवरील बरेच काम त्यामागे आहे. शिवाय त्याचा लाभ माफक आहे आणि जुलाबासारखे त्रासही होतात. याविषयी आपल्या बालमज्जातज्ज्ञांशीच बोलावे. रक्त देण्याविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण मधल्या प्रश्नांशिवाय ते नीट कळणार नाही.

तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. एकदा त्वचेची झालेली पेशी त्वचेचीच राहते, असे मुलांना सांगत आलो. ते चूक होते का? — निवृत्त शिक्षक, अमरावती

शरीरात आजही तसेच घडते, त्यामुळे आपण चूक शिकवले नाही. मात्र ‘राहते’ याचा अर्थ ‘तिला दुसरे काही होताच येत नाही’ असा आपण सर्वांनीच करून घेतला होता. १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या डिंभकाच्या (शेपटीवाल्या पिलाच्या) आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून पोहणारे डिंभक तयार झाले. म्हणजे आतड्याच्या पेशीनेही संपूर्ण शरीर घडवण्याच्या सूचना टाकून दिलेल्या नव्हत्या. फक्त त्या मिटून ठेवल्या होत्या. योगायोग असा की, हे पान पुन्हा उघडण्याची सोपी रीत ज्यांना पुढे सापडली, त्या शिन्या यामानाका यांचा जन्मही १९६२ चाच.

यामानाका यांनी क्योटोमध्ये चोवीस जनुकांची यादी करून त्यांतील एकेक वगळत पाहिले आणि शेवटी चार जनुके उरली. ही चार जनुके उंदराच्या त्वचेच्या पेशीत सक्रिय केली की ती काही आठवड्यांत भ्रूणातल्या पेशीसारखी होते, म्हणजेच शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होण्याची क्षमता तिला परत मिळते, हे त्यांनी २००६ मध्ये दाखवले. २००७ मध्ये मानवी पेशींतही ते जमले आणि २०१२ चे नोबेल गर्डन व यामानाका यांना विभागून मिळाले. अशा पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. आता त्वचेचा तुकडा काढण्याचीही गरज राहिलेली नाही, थोडेसे रक्त पुरते. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, या साऱ्या उलटसुलट प्रवासात पेशीतील डीएनए तोच राहतो. रुग्णाच्या जनुकातील दोषासकट.

पुढची पायरी मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटते. आयपीएस पेशीला चेतापेशी होण्यासाठी फारसे ढकलावे लागत नाही. तिला इतर दिशांना नेणारे दोन रासायनिक संदेश अडवले की ती बहुतांशी आपोआप मेंदूच्या वाटेला लागते. सपाट बशीऐवजी या पेशींचा गोळा मऊ जेलमध्ये तरंगत ठेवला, तर तो काही महिन्यांत वाटाण्याच्या दाण्याएवढा होतो. त्याच्या आत पोकळ्या तयार होतात, पोकळीच्या कडेने विभाजन पावणाऱ्या पेशी रांगेने उभ्या राहतात आणि त्यांच्यापासून जन्मलेल्या चेतापेशी बाहेरच्या बाजूला सरकून थर धरतात. गर्भाच्या मेंदूत पहिल्या महिन्यांत जे घडते, त्याची ही ओबडधोबड नक्कल असते. तिला ऑर्गनॉइड म्हणतात. वर्तमानपत्रे तिला ‘मिनी ब्रेन’ म्हणतात, ते मला पसंत नाही. पुढच्या एका पत्रामागचा गैरसमज त्याच नावातून आला असावा.

जनुकात बदल केलेले उंदीर उपलब्ध असताना एवढा खटाटोप का करायचा? आणि रुग्णाच्या व निरोगी माणसाच्या पेशींत फरक दिसला, तर तो त्या एका जनुकामुळेच आहे हे कसे ठरवतात? दोन माणसांत तसेही हजारो फरक असतात. — एमएस्सीची विद्यार्थिनी, पुणे

दोन्ही प्रश्न मार्मिक आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो.

आपली शंका इतकी रास्त आहे की, सुरुवातीच्या काळातील बरेच निष्कर्ष याच कारणाने पुढे डळमळीत झाले. आता रुग्णाच्या आयपीएस पेशीतील तेवढा एकच दोष, जनुकात नेमक्या जागी बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने दुरुस्त करतात किंवा निरोगी पेशीत तोच दोष मुद्दाम घालतात. मग शेजारशेजारच्या दोन बशांतील पेशींत बाकी सर्व जनुके सारखी आणि फरक तेवढ्याच एका ठिकाणी, अशी जोडी मिळते. रेट सिंड्रोममध्ये तर निसर्गानेच ही सोय करून ठेवली आहे. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक मिटलेले असते. त्यामुळे एकाच मुलीच्या काही पेशी बिघडलेला ‘एमईसीपी२’ वापरतात, तर काही चांगला. आयपीएस पेशी तयार करताना बहुधा ही निवड कायम राहते आणि एकाच मुलीपासून दोषी व निर्दोष अशा दोन्ही पेशीमालिका, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवत नेलेल्या पेशी, मिळू शकतात. तिचा निरोगी जोडीदार तीच असते.

आता उंदरांकडे येऊ. उंदीर निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणत नाही. प्रौढ, आजारी उंदरांत बंद ठेवलेले जनुक पुन्हा सुरू केल्यावर रेट सिंड्रोमची लक्षणे मागे हटतात, हे एडिनबर्गच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले आणि या विकारात चेतापेशी मेलेल्या नसतात, ही आशा त्यातूनच मिळाली. पण मानवी बाह्यक म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर घडवणाऱ्या काही जनक-पेशी (चेतापेशींना जन्म देणाऱ्या पेशी) उंदरात फारच थोड्या असतात, आणि जे अंगच मुळात तोकडे आहे त्याचा बिघाड तेथे कसा दिसणार? डोके जन्मतःच लहान राहण्याच्या विकाराचे उदाहरण पाहा. ‘सीडीके५आरएपी२’ हे जनुक बिघडलेल्या उंदरांचा मेंदू मानवी रुग्णांइतका लहान होत नव्हता. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी अशा एका रुग्णाच्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवले आणि ते खरोखरच लहान राहिले. कारणही दिसले : जनक-पेशींनी आधी स्वतःची संख्या पुरेशी वाढवायची आणि मग चेतापेशी तयार करायच्या, हा क्रम बिघडून त्या घाईने चेतापेशी होत होत्या. बियाणे राखून ठेवायच्या आधीच दळून टाकावे, तसे ते होते.

बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकारात उलटा धडा मिळाला. पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या एका ग्राहकप्रथिनाला अडवणारी औषधे उंदरांत उत्तम काम करत होती, पण माणसांवरील चाचण्यांत ती अपेक्षेला उतरली नाहीत आणि २०१४ च्या सुमारास ते कार्यक्रम थांबवावे लागले.

मात्र या पद्धतीचा संपूर्ण प्रवास पाहायचा असेल, तर टिमोथी सिंड्रोमचा पाहावा. हा विकार अत्यंत विरळा आहे. हृदयाची लय बिघडते, बोटे जुळलेली असतात, स्वमग्नता आणि फिट येणे ही लक्षणे असतात. ‘सीएसीएनए१सी’ या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाहिनीच्या प्रथिनात ४०६ व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येते, आणि दार बंद व्हायला उशीर होतो. कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त आत येते. हे कारण २००४ मध्ये कळले होते. पण जास्तीच्या कॅल्शियममुळे वाढत्या मेंदूत नक्की काय होते, हे जिवंत मुलाच्या मेंदूत डोकावून पाहता येत नाही.

स्टॅनफर्डमध्ये सर्जिउ पाश्का यांनी तेथील सहकाऱ्यांसह २०११ मध्ये या रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी केल्या आणि कॅल्शियमचा बिघाड त्यांत प्रत्यक्ष दाखवला. पण मेंदूतील काही पेशी एका भागात जन्मतात आणि दुसऱ्या भागात चालत जातात, ते एका ऑर्गनॉइडमध्ये दिसत नाही. म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या भागांचे ऑर्गनॉइड तयार करून एकमेकांना चिकटवले. ते काही दिवसांत जुळले आणि पेशी एकातून दुसऱ्यात जाऊ लागल्या. २०१७ मधील या प्रयोगात असे दिसले की, टिमोथी सिंड्रोमच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा अधिक वेळा उड्या मारतात, पण प्रत्येक उडी आखूड असल्यामुळे त्या मागे पडतात. त्यांची धडपड जास्त असते, तरी वाटचाल कमीच होते.

बशीतल्या चेतापेशींना रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे त्या पुरत्या मोठ्या होत नाहीत. २०२२ मध्ये याच गटाने जन्मून काही दिवसच झालेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदीरजातीच्या पिलांच्या मेंदूत मानवी ऑर्गनॉइड बसवले. तेथे रक्त मिळाल्यावर चेतापेशी बशीतल्यापेक्षा सुमारे सहापट मोठ्या झाल्या, पिलाच्या मिशांना हवेचा झोत लागला की प्रतिसाद देऊ लागल्या. आणि टिमोथी सिंड्रोमच्या पेशींच्या फांद्यांमधील दोष येथे दिसला, जो बशीत लक्षात आला नव्हता.

या साऱ्यातून उपचाराची वाट कशी निघाली ते महत्त्वाचे. या वाहिनीच्या जनुकात ‘८ए’ आणि ‘८’ असे दोन पर्यायी तुकडे आहेत व पेशी त्यांपैकी एकच वापरते. या विकाराच्या नेहमीच्या प्रकारात दोष ‘८ए’ मध्ये असतो. गर्भावस्थेत ‘८ए’ अधिक वापरला जातो आणि पुढे पेशी ‘८’ कडे वळते; रुग्णांच्या पेशी मात्र ‘८ए’लाच धरून बसतात. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पाश्का यांच्या गटाने अँटिसेन्स ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणजे आरएनएला नेमक्या जागी चिकटणारी छोटी रासायनिक पट्टी वापरली, आणि पेशींना ‘८’ निवडायला लावले. कॅल्शियमचा बिघाड आणि पेशींची वाटचाल दोन्ही सुधारली. मानवी पेशी बसवलेल्या प्राण्यांना एकदाच दिलेल्या इंजेक्शनानेही चेतापेशींच्या फांद्या सुधारल्या. या जातीचे नुसिनर्सेन हे औषध मणक्याच्या स्नायुशोष विकारासाठी २०१६ पासून वापरात आहे, म्हणून ही कल्पना हवेतली नाही. तरीही टिमोथी सिंड्रोमसाठी हे अजून प्रयोगशाळेतले यश आहे. एक मात्र आपल्या लक्षात आले असेल : सामान्य उंदराच्या जनुकावर ही मानवी पट्टी तपासताच आली नसती, कारण ती मानवी अक्षरक्रमाशी जुळवलेली आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या या छोट्या मेंदूला वेदना होत असतील का? — एक वाचक, म्हापसा

सध्याच्या ऑर्गनॉइडबाबत तसे मानायला आधार नाही. तो मेंदू नव्हे, मेंदूच्या ऊतीचा तुकडा आहे. त्याला डोळे, कान, त्वचा यांच्याकडून काही कळत नाही आणि वेदनेचा अनुभव घडवणारी जोडणी त्यात नाही. त्यात विद्युत लहरी दिसतात, हे खरे. ऑर्गनॉइड जोडून जोडून गुंतागुंत वाढत चालली आहे, म्हणून आपला प्रश्न दहा वर्षांनी कदाचित इतक्या थोडक्यात निकालात काढता येणार नाही. प्राण्यांच्या मेंदूत मानवी पेशी बसवण्याच्या प्रयोगांवर आजच वेगळी देखरेख असते आणि ती असायलाच हवी.

आमचा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या पेशींपासून ऑर्गनॉइड करून त्यावर औषधे तपासून त्याला लागू पडेल ते औषध निवडता येईल का? — एक पालक, ठाणे

आज नाही. आयपीएस पेशी तयार करून तपासणे आणि मग ऑर्गनॉइड वाढवणे यात वर्ष सहज निघून जाते, आणि एकाच पेशीमालिकेचे दोन ऑर्गनॉइडही तंतोतंत सारखे येत नाहीत. गोळ्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे आतल्या पेशी मरतात. मेंदूतील सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी नेहमीच्या पद्धतीने केलेल्या ऑर्गनॉइडमध्ये नसतात, कारण त्यांचा उगमच वेगळा आहे. दहा महिने जपलेले ऑर्गनॉइडसुद्धा जन्माच्या सुमाराच्या मेंदूपर्यंतच पोहोचते. आपला मुलगा त्या वयाच्या कितीतरी पुढे आहे, आणि त्याचे बोलणे, खेळणे किंवा नजर भिडवणे यांतील काहीच त्या गोळ्यात मोजता येत नाही.

शिवाय स्वमग्नता हे अनेक कारणांचे एकत्र नाव आहे. एकच जनुक ठळकपणे बिघडलेले असेल, तर बशीतील प्रयोगाला प्रश्न विचारता येतो. शेकडो जनुकांतील बारीक फरकांची बेरीज असेल, तर उत्तर पुसट येते. म्हणून जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेऊन मुलाची जनुक-तपासणी करावी की नाही हे ठरवणे, ही आपल्यासाठी पहिली आणि उपयोगी पायरी आहे. वाचा-उपचार आणि वर्तन-उपचार मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहत थांबवू नयेत.

आता सांगलीच्या पत्रातील राहिलेला प्रश्न. संशोधनासाठी रक्त देता येते, आणि विरळा विकारांत असे एकेक कुटुंब संशोधकांसाठी मोलाचे असते. भारतातही हे काम चालते. बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत एडिनबर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने फ्रॅजाइल एक्स व स्वमग्नतेशी संबंधित विकारांवर मानवी मूलपेशींचा वापर करून अभ्यास झाला आहे. मात्र रेट सिंड्रोमसाठी नमुने कोठे स्वीकारले जात आहेत, हे आपल्या जनुकतज्ज्ञांमार्फतच विचारावे आणि कोणी परस्पर घरी येऊन रक्त मागितल्यास देऊ नये.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी मराठीत समजावून मागा. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची आणि मूलपेशी संशोधनाच्या समितीची, अशा दोन्ही मंजुऱ्या आहेत का, हे पाहा. आपल्या मुलीपासून तयार झालेली पेशीमालिका वर्षानुवर्षे जिवंत राहते, गोठवून ठेवता येते आणि दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेतही जाऊ शकते. ते आपल्याला चालेल का, त्यातून पुढे एखाद्या कंपनीचे औषध निघाल्यास काय, आणि उद्या मन बदलल्यास पेशी नष्ट करून घेता येतील की फक्त पुढचा वापर थांबेल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. तिच्या जनुकांत दुसरा एखादा अनपेक्षित दोष आढळला तर तो आपल्याला कळवावा की कळवू नये, हेही आधीच ठरवावे लागते. रक्त दिल्यामुळे आपल्या मुलीच्या उपचारात काही फरक पडणार नाही आणि बहुधा तिच्या नावाचा अहवालही हाती येणार नाही. एवढे समजूनही द्यावेसे वाटले तर द्यावे; नको वाटले तर त्यात अपराधी वाटण्यासारखे काहीच नाही. आणि कोणत्याही टप्प्यावर आपल्याकडे पैसे मागितले गेले, तर तेथूनच परत फिरावे.